राज्य श्रीमंत होतंय, पण सगळे जिल्हे होतायत का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या जिकडे बघावं तिकडे एक ट्रिलियन डॉलरच्या अर्थव्यवस्थेची चर्चा चालू आहे. महाराष्ट्र देशात पहिला पोचणार, किती साली पोचणार, त्यासाठी दरवर्षी किती टक्क्यांनी वाढायला पाहिजे, हे सगळं वाचायला मिळतं आणि चांगलंच आहे, राज्य मोठं व्हावं असं कुणाला वाटणार नाही? पण या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कुणी विचारत नाही आणि तोच मला फार महत्त्वाचा वाटतो म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांबलंय पण कृपया छापा. राज्याचं उत्पन्न वाढतंय ते नक्की कुठे वाढतंय? मुंबई-ठाणे-पुणे या पट्ट्यात वाढून नंदुरबार, गडचिरोली, वाशीम, हिंगोली तिथेच राहिले तरी राज्याची सरासरी वरच जाणार, आणि मग सगळे खूश.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे. आधी केक मोठा होऊ द्या, वाटप मागाहून होईल, सुरुवातीला फरक वाढतो आणि नंतर आपोआप कमी होतो. हे काही कुणी हवेत बोललेलं नाही. १९५५ मध्ये अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी एकूण विषमतेबद्दल असं मांडलं होतं आणि १९६५ मध्ये जेफ्री विल्यमसन यांनी वेगवेगळ्या देशांची आकडेवारी घेऊन देशातल्या देशात जे प्रदेश असतात त्यांच्याबद्दलही साधारण तेच सांगितलं, की विकासाच्या पहिल्या टप्प्यात पुढचे प्रदेश आणखी पुढे जातात आणि देश पुरेसा श्रीमंत झाला की मागचे त्यांना गाठायला लागतात. पण त्याच्याही आधी, १९५७ मध्ये, स्वीडनचे अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी बरोब्बर उलटी भीती बोलून दाखवली होती. त्यांचं म्हणणं असं की एकदा एखादा भाग पुढे गेला की शिकलेली पोरं, पैसा, कारखाने सगळं तिकडेच ओढलं जातं, त्यामुळे मागचा भाग आणखी मागे पडतो, आणि हे चक्र कुणीतरी मुद्दाम थांबवल्याशिवाय थांबत नाही. आपल्या देशाची गेल्या साठ वर्षांची गोष्ट बघितली तर मला मिर्डाल जास्त पटतात.

बिहारचंच घ्या. दरडोई उत्पन्न आजही राष्ट्रीय सरासरीच्या जवळपास एक तृतीयांश. आता कुणी म्हणेल की बिहार गेली वीसएक वर्षं चांगला वाढतोय की, काही वर्षं तर देशापेक्षा जास्त वेगाने वाढला. खरंय. पण साधा हिशोब करून बघा. समजा बिहारचं दरडोई उत्पन्न दरवर्षी देशाच्या सरासरीपेक्षा पूर्ण २ टक्के जास्त वेगाने वाढलं, एकही वर्ष न चुकता, तरी तिप्पट फरक भरून निघायला ५५ वर्षांच्या आसपास लागतात. १ टक्काच जास्त वाढलं तर शंभरच्या वर. म्हणजे आज तिथे जन्मलेलं मूल म्हातारं होईल तेव्हा त्याचं राज्य सरासरीला पोचेल, आणि तेही सगळं सुरळीत झालं तर. ‘आपोआप कमी होईल’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यासमोर ठेवावा अशी माझी विनंती आहे.

अजून एक गोष्ट, टक्केवारीत आपण फार फसतो. एका जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न ३ लाख आणि दुसऱ्याचं १ लाख असेल, पहिला ५ टक्क्यांनी वाढला आणि दुसरा ८ टक्क्यांनी, तर बातमी अशी येणार की मागास जिल्ह्याची घोडदौड. पण पहिल्याकडे माणशी १५ हजार वाढले आणि दुसऱ्याकडे ८ हजार! वेग जास्त असूनही दोघांमधलं अंतर रुपयांत वाढलंच. आणि शिक्षणाची फी, दवाखान्याचं बिल, शहरातल्या खोलीचं भाडं हे सगळं रुपयांतच द्यावं लागतं.

राज्यं वर-खाली होतच नाहीत असं मात्र नाही. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचा २०२४ मध्ये आलेला एक पेपर आहे, १९६०-६१ पासून कुठलं राज्य कुठे गेलं ते त्यात दिलंय. पश्चिम बंगालचा देशाच्या उत्पन्नात तेव्हा १०.५ टक्के वाटा होता तो २०२३-२४ मध्ये ५.६ वर आला, दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या १२७ टक्क्यांवरून ८४ टक्क्यांच्या आसपास घसरलं. ओडिशा उलट, नव्वदच्या दशकात सरासरीच्या जेमतेम निम्म्याच्या थोडं वर होता, तो आता ९० टक्क्यांच्या जवळ आलाय. दक्षिणेकडची राज्यं १९९१ नंतर सुसाट पुढे गेली. म्हणजे नशीब काही कपाळावर लिहिलेलं नसतं, धोरणाने फरक पडतो, चांगलाही आणि वाईटही.

वाईट धोरणाचं उदाहरण महाराष्ट्रात फारसं कुणी काढत नाही, कारण त्यात फायदा आपला झाला होता. पन्नासच्या दशकात केंद्राने मालवाहतूक समानीकरण आणलं. पोलाद, कोळसा, सिमेंट असा माल देशात कुठेही न्या, कारखान्याला पडणारा भाव तोच, वाहतुकीचा जास्तीचा खर्च सरकारी हिशोबातून भरून निघणार. आता विचार करा, जमशेदपूरच्या शेजारी कारखाना काढला काय आणि मुंबई-पुण्याजवळ काढला काय, पोलाद एकाच भावात मिळणार असेल तर कोण कशाला खाणीशेजारी जाईल? बंदर इकडे, बाजारपेठ इकडे, बँका इकडे. तेव्हाचा बिहार (म्हणजे आजचा झारखंडसुद्धा), ओडिशा, बंगाल, मध्य प्रदेश यांच्याकडे निसर्गाने दिलेला एकच मोठा फायदा होता तो सरकारी नियमाने काढून घेतला, आणि कापसासारख्या पश्चिमेकडच्या मालाला मात्र ही सवलत नव्हती, म्हणजे बंगालच्या गिरणीला इकडचा कापूस स्वस्तात पोचवायची सोय कुणी केली नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हे धोरण गेलं पण तोवर चाळीसेक वर्षं होऊन गेली होती आणि एकदा बसलेले कारखाने, पुरवठादार, कुशल कामगार काही उठून परत जात नाहीत. मुंबई-पुण्याच्या प्रगतीत इथल्या लोकांचे कष्ट आहेतच, ते नाकारायचा प्रश्नच नाही, पण बिहारी मजूर इकडे का येतात असं विचारताना हा इतिहासही सांगायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आता हेच राज्याच्या आत बघा. कोळसा चंद्रपूरचा, २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र चंद्रपूरला, राख आणि धूर चंद्रपूरच्या लोकांच्या छातीत, आणि वीज राज्यभर. गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिज आहे, आता तिथे पोलाद कारखान्यांची बोलणी जोरात आहेत, जिल्हा स्टील हब होणार म्हणतात. होऊ दे, पण एक सांगतो, जिल्ह्याचं उत्पन्न मोजताना जिल्ह्यात काय तयार झालं ते मोजतात, तिथल्या माणसांच्या हातात काय आलं ते नाही. मोठा कारखाना आला की कागदावर जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न एकदम वर जाईल, नफा कंपनीच्या मुख्यालयात जाईल, इंजिनियर बाहेरून येतील आणि गावातल्या पोराला गेटवर सिक्युरिटीची नोकरी. मग त्याच आकड्याच्या जोरावर उद्या म्हणायचं की गडचिरोली आता मागास राहिला नाही. हा धोका मला खरंच वाटतो.

तसं बघितलं तर महाराष्ट्राला हा विषय नवीन नाहीच, उलट आपण तो फार आधीच कागदावर आणला होता. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भ-मराठवाड्याला न्याय्य वाटा द्यायचं ठरलं. १९५६ च्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(२) आलं, त्यात वेगळी विकास मंडळं आणि निधीच्या समन्यायी वाटपासाठी राज्यपालांची विशेष जबाबदारी. १९८३ मध्ये दांडेकर समिती नेमली, तिने जिल्ह्यानिहाय रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, विजेचे पंप असं सगळं मोजून ३,१८६ कोटींचा अनुशेष (म्हणजे मागे राहिलेली कामं पुरी करायला लागणारा पैसा) काढला, आणि ज्यांना वाटतं की हे फक्त विदर्भाचं रडगाणं आहे त्यांनी लक्षात घ्यावं की त्या अनुशेषात उर्वरित महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांचाही एक तृतीयांशाहून जास्त वाटा होता. कोकणात, पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी भागातही माणसं मागे राहिली होतीच. मंडळं मात्र व्हायला १९९४ उजाडलं. मग याच प्रश्नावर केळकर समिती, तिचा अहवाल २०१४ ला सभागृहात आला. आणि ३० एप्रिल २०२० ला विकास मंडळांची मुदत संपली, तेव्हा ती वेळेत वाढवली गेली नाही. करोनाचा काळ होता हे मान्य, पण एका साध्या मुदतवाढीसाठी एवढी उदासीनता? ज्या गोष्टीसाठी घटनेत कलम आहे तिची ही गत असेल तर बाकीच्याचं काय बोलायचं.

दुसरीकडे आपलंच सरकार, कुठल्याही पक्षाचं असो, दिल्लीकडे बघून एक तक्रार नेहमी करतं. आम्ही एवढा कर भरतो आणि परत किती मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाने (२०२१-२६) केंद्रीय करांतले ४१ टक्के राज्यांना दिले, त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३ टक्के होता, बिहारचा १० च्या वर, उत्तर प्रदेशचा जवळपास १८. त्या वाटपात सगळ्यात जास्त वजन, ४५ टक्के, उत्पन्नातल्या अंतराला होतं, म्हणजे राज्य जेवढं गरीब तेवढा जास्त वाटा. सेस आणि सरचार्ज, म्हणजे करांवर लावलेले जादा कर, केंद्र वाटपाबाहेर ठेवतं त्यावरची तक्रार मला पूर्ण पटते, ते राज्यांवर अन्यायकारकच आहे. पण गरिबाला जास्त हे तत्त्वच चुकीचं असं जेव्हा आपले नेते म्हणतात तेव्हा मला त्यांना विचारावंसं वाटतं, साहेब, मग उद्या मुंबई म्हणाली की आम्ही एवढा कर भरतो, आमचा पैसा नंदुरबारला कशाला, तर तुम्ही काय उत्तर देणार? दिल्लीपुढे एक न्याय आणि नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्यापुढे दुसरा, असं कसं चालेल. एका देशात एक बाजारपेठ, एक चलन, कुठेही जाऊन काम करायची मुभा असेल तर त्याचा फायदा पुढच्या भागाला जास्त होतो, आणि त्या फायद्यातला थोडा वाटा मागच्या भागाला जायलाच हवा. तो त्यांचा हक्क आहे, उपकार नव्हे.

मग करायचं काय? मागास भागात कारखान्याला सवलत द्या हा आपला आवडता उपाय. महाराष्ट्रात १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालू आहे, तालुक्यांचे ए, बी, सी, डी असे गट पाडून जेवढं मागास तेवढी सवलत जास्त. काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला जे उभं राहिलं ते खरंच मोठं आहे, हजारो घरं त्यावर चालतात. पण मराठवाड्याच्या आतल्या तालुक्यांत ते झिरपलं किती? ब्राझीलने हाच प्रयोग आपल्याही आधी मोठ्या प्रमाणावर केला, त्यांचा ईशान्य भाग आपल्या मराठवाड्यासारखा दुष्काळी, त्याच्यासाठी १९५९ मध्ये सुडेने नावाची खास संस्था काढली, करसवलती दिल्या, कारखाने आलेही, पण ते बहुतेक यंत्रांवर चालणारे, माणसं कमी घेणारे, त्यामुळे गरिबाच्या घरात फारसं काही पोचलं नाही. पुढे २००० नंतर तिथलं चित्र सुधारलं त्यात गरीब कुटुंबांना थेट मिळणारी मदत, वाढलेलं किमान वेतन आणि पेन्शन यांचा मोठा हात होता. चीनने १९८० पासून शेन्झेनसारखी किनाऱ्याची शहरं पुढे काढली, आतला भाग मागे पडला, मग २००० च्या सुमारास पश्चिमेकडे रस्ते-रेल्वे-वीज यांच्यावर प्रचंड पैसा ओतायला सुरुवात केली आणि काही वर्षांनी अंतर थोडं आटोक्यात आलं. पण तिथे गावच्या माणसाला मोठ्या शहरात रहिवासी म्हणून नोंदणी सहज मिळत नाही, मुलांना सरकारी शाळेत घालायला अडचण, ते आपण घेऊ नये.

रस्त्यांचंही असंच आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला, मी त्याचं स्वागतच करतो. पण रस्ता दोन्ही दिशांना जातो हे विसरू नका. त्या रस्त्याने वाशीमचं सोयाबीन आणि बुलडाण्याचा कापूस लवकर मुंबईकडे जाईल, तसंच मुंबईचा तयार माल वाशीमच्या छोट्या उद्योगाला मारायलाही लवकर येईल, आणि तिथला शिकलेला पोरगा तर सगळ्यात आधी निघेल. रस्त्यासोबत तिथेच प्रक्रिया उद्योग, गोदामं, बँकेचं कर्ज, बरं कॉलेज आलं नाही तर रस्त्याने जिल्हा फक्त रिकामा होतो. कर्जाचा मुद्दा तर कुणी काढतच नाही. मागास भागातली माणसं बँकेत पैसे ठेवतात, आणि ते पैसे कर्ज म्हणून बाहेर पडतात ते मोठ्या शहरात, कारण तिथे तारण आहे, प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिणारे सीए आहेत. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर लीड बँक योजना (प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेकडे) आणि १९७५ मध्ये ग्रामीण बँका याच कारणासाठी आल्या होत्या. तुमच्या जिल्ह्यात शंभर रुपये ठेवींमागे कर्ज किती दिलं, हा आकडा जिल्हा पातळीवरच्या बैठकांत असतो, तो गावापर्यंत कधी येतच नाही.

आणि ज्यांच्याकडे ठेवीच नाहीत त्यांचं काय. बीडचे ऊसतोड कामगार बघा. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरायचा, आणि पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या फडावर. मुलं सोबत गेली तर शाळा बुडते, मागे ठेवली तर आजीच्या जिवावर. राज्याच्या हिशोबात ऊस, साखर, इथेनॉल हे सगळं उत्पन्न दिसतं आणि ते कारखाना ज्या जिल्ह्यात आहे त्याच्या नावावर चढतं. ज्या जिल्ह्याने माणसं पाठवली त्याच्या वाट्याला येतं ते झिजलेलं शरीर आणि फिटायची राहिलेली उचल. पाण्याचंही तेच, राज्याच्या लागवडीच्या क्षेत्रात उसाचा वाटा अगदी थोडा, पण सिंचनाच्या पाण्यातला वाटा प्रचंड. या एका पिकाच्या मागे राज्यातली प्रादेशिक विषमता अख्खी दिसते, आणि राजकीय ताकद कुठे आहे तेही दिसतं.

माझ्या मते पैसा आधी माणसावर लावला पाहिजे. केरळचं उदाहरण सगळे देतात पण त्यातला क्रम विसरतात. तिथे आरोग्य आणि शिक्षण आधी सुधारलं, उत्पन्न बऱ्याच नंतर वाढलं. २०२० च्या पाहणीत केरळमध्ये हजार जन्मांमागे ६ अर्भकं दगावत होती, मध्य प्रदेशात ४३. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबीच्या (उत्पन्नाऐवजी आरोग्य, शिक्षण, राहणीमान बघून काढलेल्या) मोजणीत २०१९-२१ ला केरळ १ टक्क्याच्याही खाली, बिहार ३३ टक्क्यांच्या वर. पण त्याच बिहारमध्ये त्याआधी, २०१५-१६ ला, हा आकडा ५१ च्या वर होता, म्हणजे उत्पन्नाचं अंतर ५५ वर्षं घेणार असलं तरी शाळा, वीज, संडास, पोषण यातलं अंतर त्यापेक्षा खूप लवकर कमी करता येतं. माणूस निरोगी आणि शिकलेला असेल तर तो जिल्ह्यात राहिला तरी कमावेल आणि बाहेर गेला तरी मुकादमाच्या उचलीवर जाणार नाही. २०१८ मध्ये केंद्राने विकासात मागे राहिलेले ११२ ‘आकांक्षित’ जिल्हे निवडले त्यात आपले चार, नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि धाराशिव. त्या कार्यक्रमात आरोग्य-पोषण आणि शिक्षण यांना मिळून ६० टक्के वजन दिलंय ते मला योग्य वाटतं. पण रँकिंग आणि डॅशबोर्डने डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भरत नाहीत, त्याला पगार, क्वार्टर आणि बदलीचं नीट धोरण लागतं, आणि ते राज्याच्या हातात आहे.

ओडिशाचं कौतुक वर केलं, पण तिथेही किनारपट्टी पुढे आणि कोरापुट-बोलांगीर-कालाहांडी हा भाग अजून मागे आहे. म्हणजे राज्य सरासरीला पोचलं म्हणून काम संपत नाही, जिल्हा बघावा लागतो, जिल्ह्यातही तालुका बघावा लागतो. नाशिक जिल्हा श्रीमंतांत गणला जातो, पण सुरगाणा-पेठच्या आदिवासी पाड्यावर त्या श्रीमंतीचा काय उपयोग?

म्हणून माझं सरकारकडे आणि तुमच्याकडेही मागणं आहे. अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्यांचं उत्पन्न काढतं, पण त्यातला बराच भाग अंदाजाने, कुठल्यातरी प्रमाणावरून वाटून काढलेला असतो, प्रत्यक्ष मोजलेला नसतो. ते सुधारा, जिल्ह्यात तयार झालेलं उत्पन्न आणि तिथल्या कुटुंबांच्या हातात आलेलं उत्पन्न वेगवेगळं दाखवा. ज्या मागास जिल्ह्याला जेवढी तरतूद केली तिच्यातली मार्चअखेर खरंच किती खर्च झाली आणि किती दुसरीकडे वळवली ते जाहीर करा. विकास मंडळांचा प्रश्न लटकत ठेवू नका. आणि संपादक महोदय, अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी आर्थिक पाहणी अहवाल येतो तेव्हा पहिल्या पानावर राज्याच्या विकासदराचा मोठा आकडा छापता, त्याच्याच शेजारी यंदापासून सगळ्या ३६ जिल्ह्यांचं दरडोई उत्पन्न, मागच्या वर्षीच्या आकड्यासकट, रुपयांत छापा. जागा कमी पडली तर एखादी जाहिरात आतल्या पानावर ढकला, पण हे छापाच.

आपला,
एक नियमित वाचक